खजुराची वीस झाडं : ‘ड्यून’मधलं पर्यावरण नेमकं कुठे आहे?

विज्ञानकादंबरी आणि पर्यावरण असा आजचा विषय आहे. विषय ऐसपैस आहे, आणि अशा विषयात दहा कादंबऱ्यांची नावं घेऊन वेळ मारून नेता येते. ते आपण टाळू. एकच कादंबरी धरून बसू : फ्रँक हर्बर्ट यांची १९६५ साली आलेली ‘ड्यून’. शेवटी आणखी एका पुस्तकाकडे वळू, तेही हिच्याशी ताडून पाहण्यापुरतं.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात. अराकिस नावाचा ग्रह आहे. तिथे पाऊस पडत नाही. वाळूखाली सँडवर्म नावाचे अजस्र प्राणी आहेत. आणि ‘स्पाइस’ नावाचा पदार्थ आहे, जो दुसरीकडे कुठेही मिळत नाही आणि ज्याच्याशिवाय साम्राज्यातला अंतराळप्रवास ठप्प होईल. हा ग्रह अॅट्रेडीज घराण्याकडे सोपवला जातो. हार्कोनेन घराणं दगाफटका करून त्यांना बुडवतं. ड्यूकचा मुलगा पॉल वाळवंटात पळतो, तिथल्या फ्रेमेन लोकांचा आधी पुढारी आणि मग प्रेषित होतो, शेवटी सम्राटाला खाली खेचतो. ही झाली नायकाची गोष्ट. २०२१ आणि २०२४ साली आलेले चित्रपट मुख्यतः हीच गोष्ट सांगतात, आणि चांगली सांगतात.

आता आमचं म्हणणं असं, की पर्यावरणाची कादंबरी म्हणून ‘ड्यून’चं जे नाव आहे, ते या गोष्टीमुळे नाही. ते सगळं या गोष्टीच्या कडेकडेनं आहे. एखाद्या हिशोबात आहे, जेवणाच्या टेबलावरच्या बोलण्यात आहे, प्रकरणांच्या डोक्यावरच्या उताऱ्यांत, पुस्तकामागच्या परिशिष्टात आणि मरायला टेकलेल्या एका माणसाच्या भ्रमात आहे. हर्बर्टना ते मध्यभागी आणता आलं नाही, की त्यांनी ते जाणूनबुजून कडेला ठेवलं? हा प्रश्न मनात ठेवून पुढे जाऊ.

आधी हिशोब. अराकिसवर आल्याआल्या पॉलची आई जेसिका आणि घरचा डॉक्टर युए खिडकीतून बाहेर बघत असतात. वाड्यासमोर खजुराची वीस झाडं लावलेली आहेत. रस्त्यानं जाणारे लोक त्या झाडांकडे ज्या नजरेनं बघतात, ती जेसिकाच्या लक्षात येते. डॉक्टर तिला समजावून सांगतो : एका झाडाला दिवसाला चाळीस लिटर पाणी लागतं, माणसाला आठ. म्हणजे एक झाड बरोबर पाच माणसं. वीस झाडं बरोबर शंभर माणसं. संपलं. वाळवंटाचं वर्णन नाही, तहानेचं वर्णन नाही, तिसरीतल्या पोराला जमेल असा गुणाकार-भागाकार आहे. पण त्यानंतर आपण ती झाडं झाडं म्हणून बघूच शकत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेच्या टाक्यांतून पाणी गेलं होतं, ते दिवस ज्यांना आठवतात त्यांना हा हिशोब परग्रहावरचा वाटणार नाही.

हे हर्बर्टचं खास तंत्र आहे. निसर्गाचं वर्णन करण्याऐवजी ते त्याची जमाखर्चाची वही उघडतात. फ्रेमेन लोक स्टिलसूट नावाचा पोशाख घालतात, ज्यात घाम, श्वासातली वाफ, लघवी, सगळं गाळून परत पिण्यासाठी जमा होतं. माणूस मेला की त्याच्या देहातलं पाणी टोळीच्या मालकीचं. एक फ्रेमेन प्रमुख ड्यूकच्या टेबलावर थुंकतो तेव्हा बाकीचे हादरतात, आणि मग कळतं की त्यानं स्वतःच्या अंगातला ओलावा भेट दिला आहे. पॉल मेलेल्या माणसासाठी रडतो तेव्हा फ्रेमेन स्तब्ध होतात, कारण असा खर्च कुणी करत नाही. रीतिरिवाज, धर्म, अपमान, शोक, सगळं एकाच नाण्यात मोजलं जातं. आणि हे आपल्याला कुणी प्रस्तावनेत सांगत नाही. एकेका प्रसंगात ठेच लागून कळतं.

दुसरी जागा म्हणजे मेजवानीचा प्रसंग. २०२१ च्या चित्रपटात तो नाही. आमच्या मते मोठी उणीव आहे, जरी दिग्दर्शकाची अडचण समजते, कारण त्यात घडत काहीच नाही, माणसं नुसती बोलतात. वाड्यात एक जुनी चाल असते : पाहुण्यांनी पाण्यात हात बुडवायचे, थोडं पाणी जमिनीवर सांडायचं, टॉवेलनं हात पुसायचे आणि ते टॉवेल पिळून निघालेलं पाणी दाराशी जमलेल्या भिकाऱ्यांना द्यायचं. ड्यूक ही चाल बंद करतो. मग जेवण सुरू होतं. टेबलाभोवती पाणी विकणारा व्यापारी आहे, स्टिलसूटचा कारखानदार आहे, बँकेचा माणूस आहे, तस्कर आहे, आणि ग्रहाचा परिस्थितीशास्त्रज्ञ लिएट काइन्स आहे.

काइन्स बोलता बोलता एक नियम सांगतो : वाढीला मर्यादा पडते ती सर्वांत कमी असलेल्या गरजेच्या वस्तूमुळे. हा खरा नियम आहे. शेतीशास्त्रात तो एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांच्या नावानं शिकवला जातो. नत्र भरपूर घाला, स्फुरद नसेल तर पीक तिथेच अडणार. वर्गात हा नियम निरुपद्रवी वाटतो. इथे तो पाणी विकणाऱ्याच्या शेजारी बसून उच्चारला जातो. अराकिसवर उघडं पाणी येऊ शकेल, अशी नुसती शक्यता निघाली की त्या व्यापाऱ्याचा चेहरा बदलतो. टंचाई ज्याचा धंदा आहे त्याच्यासमोर परिस्थितीशास्त्र म्हणजे धमकी असते. हे हर्बर्ट एका वाक्यानंही समजावत नाहीत. नुसती बसण्याची व्यवस्था केली आहे.

याच प्रसंगात ते एकाच्या डोक्यातून दुसऱ्याच्या डोक्यात बेधडक शिरतात. सुरुवातीला ड्यूकच्या मनात, मग जेसिकाच्या, पुढे आणखी कुणाच्या. लेखनकार्यशाळेत कुणी असं लिहून आणलं तर ‘दृष्टिकोन सांभाळा’ म्हणून परत देतात. इथे मात्र तो दोष कामाला येतो. कुणा एकाच्या नजरेतून हे टेबल कळणारच नाही. कोण कुणावर जगतं, कोण कुणाला घाबरतं, हे सगळ्यांच्या मनात थोडं थोडं डोकावल्यावरच दिसतं. तळ्यातला एक मासा बघून तळं कळत नाही, तसंच.

तिसरी जागा म्हणजे काळ. प्रत्येक प्रकरणाच्या आधी एक उतारा येतो, पुष्कळदा राजकन्या इरुलान हिच्या ग्रंथांतला. ही बाई भविष्यातून लिहिते आहे. युए हा दगाबाज आहे हे आपल्याला दगा होण्याच्या कितीतरी आधी सांगून टाकलं जातं. उत्कंठा घालवून लेखकानं काय मिळवलं? आम्हाला वाटतं, ‘पुढे काय होईल’ ही आपली सवय त्याला मोडायची होती. कारण परिशिष्टातली योजना वाचा. काइन्सचा बाप पारडॉट काइन्स हा ग्रह हिरवा करण्याची योजना फ्रेमेन लोकांपुढे मांडतो तेव्हा ते विचारतात, किती वर्षं लागतील? उत्तर येतं, तीनशे ते पाचशे. ते लोक नाउमेद होत नाहीत. कामाला लागतात. गवत, मग झुडपं, दव साठवण्याची साधनं, जमिनीखाली लपवलेलं पाणी. आपल्या नातवाच्या नातवालाही जे दिसणार नाही त्यासाठी आजचं पाणी बाजूला ठेवायचं. कादंबरीचा नायक काही वर्षांत साम्राज्य जिंकतो. पाचशे वर्षांचं काम त्याच्या प्रकरणांत मावतच नाही, म्हणून ते परिशिष्टात जातं. आणि परिशिष्ट, खरं सांगायचं तर, बहुतेक वाचक उघडत नाहीत. आम्हीही पहिल्या वाचनात उघडलं नव्हतं.

आता काइन्सचा मृत्यू. पुस्तकातलं आमचं सर्वांत आवडतं प्रकरण, जेमतेम काही पानांचं. हार्कोनेननी त्याला स्टिलसूटशिवाय वाळवंटात सोडून दिलं आहे. त्याला भ्रमात मेलेल्या बापाचा आवाज ऐकू येतो, आणि बाप काय करतो, तर व्याख्यान देतो! मुलगा तहानेनं मरतोय आणि बाप त्याला वनस्पतींचं प्रमाण समजावतोय. हे भयंकर विनोदी आहे. मग बोलता बोलता बाप फ्रेमेन लोकांना नायकापासून जपायला सांगतो. म्हणजे पॉलची गोष्ट रंगात येत असतानाच पुस्तक तिच्याविरुद्ध साक्ष देतं, तीही अशा माणसाच्या तोंडून जो मेलेला आहे आणि ज्याचं ऐकणारा मरतो आहे.

तेवढ्यात काइन्सला वास येतो. आपल्या खाली, वाळूत, स्पाइस तयार होण्याची प्रक्रिया चालू आहे, वायू साठतोय, स्फोट होणार आहे, हे त्याला अगदी नेमकं कळतं. त्या क्षणी त्याला असंही वाटतं की बाप चुकला, सगळे शास्त्रज्ञ चुकले, जगात टिकून राहतो तो योगायोग आणि प्रमाद. आणि ग्रह आपल्या शास्त्रज्ञाला गिळतो.

आपल्याकडच्या विज्ञानकथेच्या वाचकाला हे वेगळं वाटेल. जयंत नारळीकरांची ‘हिमप्रलय’ आठवून पाहा. शास्त्रज्ञ इशारा देतो, कुणी मनावर घेत नाही, संकट येतं, आणि मग त्याच शास्त्रज्ञाकडे जावं लागतं. ज्ञान उशिरा का होईना उपयोगी पडतं. काइन्सचं ज्ञान शंभर टक्के बरोबर आहे आणि त्याचा त्याला काडीचा उपयोग नाही. उपयोग होतो पॉलला, आणि कसला? सँडवर्मसाठी पाणी विष असतं आणि सँडवर्म मेले की स्पाइस संपतो. शेवटी पॉल नेमकी हीच साखळी तोडण्याची धमकी देऊन सम्राटाला नमवतो. परिशिष्टाचा इतका चोख वापर पुस्तकात दुसऱ्या कुणीही केलेला नाही.

म्हणून आम्हाला वाटतं, कडेला ठेवणं हे जाणूनबुजून आहे. आपण नायकामागे धावतो आणि परिशिष्ट उलटत नाही, ही वाचकाची चूक पुस्तकात आधीच मोजलेली आहे. फ्रेमेन तेच करतात. पाचशे वर्षांचं काम सोडून प्रेषितामागे जातात. पुढच्या भागांत ग्रह खरोखरच हिरवा होतो, सँडवर्म मरतात, आणि फ्रेमेनपण त्यांच्याबरोबर जातं.

याची एक उलटी गंमत खऱ्या जगात आहे. १९५७ साली हर्बर्ट पत्रकार म्हणून अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या किनाऱ्यावर, फ्लॉरेन्स गावी गेले. तिथे सरकत्या वाळूच्या टेकड्या रस्त्यांवर येत होत्या आणि सरकारी कृषिखातं त्यांच्यावर गवत लावून वाळू रोखत होतं. हर्बर्ट भारावून गेले. त्यांना लेख लिहायचा होता. तो छापून आला नाही, पण त्यासाठी जमवलेल्या माहितीतून ‘ड्यून’ उगवली. ते गवत मूळचं युरोपातलं. ते इतकं पसरलं की आता तिथली उघडी वाळूच नाहीशी होत चालली आहे. स्नोई प्लोव्हर नावाचा चिमुकला पक्षी उघड्या वाळूत अंडी घालतो. १९९३ साली त्याची गणना धोक्यातल्या प्रजातींत झाली. आज तिथेच काही ठिकाणी ते गवत उपटण्याचं काम चालतं. कादंबरीच्या पुढच्या भागांचं कथानक ओरेगनच्या किनाऱ्यानं लिहिलं असं म्हणावं लागेल.

आता दुसरं पुस्तक. किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांची ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्युचर’, २०२० सालची. हर्बर्टनी परिशिष्टात टाकलेलं सगळं रॉबिन्सननी उचलून मुख्य पुस्तकात आणलं. प्रकरणं शंभराहून जास्त. काही प्रकरणं बैठकीच्या टिपणांसारखी आहेत, काहींत अर्थशास्त्राचं विवेचन आहे, एका ठिकाणी कार्बनचा अणू ‘मी’ म्हणून बोलतो. कथानक पातळ होतं, काही पानं सरकारी अहवालासारखी कोरडी आहेत, तरी आम्ही या धाडसाच्या बाजूनं आहोत.

पण पहिलं प्रकरण पाहा. ते उत्तर प्रदेशात घडतं. उष्णतेची लाट, दमट हवा, वीज गेलेली. लोक तळ्यात उतरतात, तर पाणीही अंगापेक्षा गरम. पुढे कळतं की या लाटेत दोन कोटी माणसं गेली. वाचून झोप उडते. मात्र हे सगळं आपण बघतो फ्रँक मे या अमेरिकन मदतकार्यकर्त्याच्या डोळ्यांनी. जगतो तो. पुढे त्याच्या मनावरचा आघात सगळं पुस्तकभर आपल्यासोबत येतो, झुरिचपर्यंत. त्या गावातला दुसरा कुणीही येत नाही. कार्बनच्या अणूला आवाज मिळाला आणि तळ्यातल्या माणसांना मिळाला नाही, हे आम्हाला खटकतं. ‘ड्यून’मधल्या टॉवेलच्या पाण्यासाठी दाराशी उभ्या असलेल्यांनाही तो नव्हता.

पुढच्या वेळी आपण उर्सुला ल ग्विन यांची ‘द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट’ घेणार आहोत. तिथे जंगल तोडणारा, जंगलात राहणारा आणि मधे अडकलेला अभ्यासक अशा तिघांच्या नजरेतून गोष्ट येते, आणि जंगलात राहणाऱ्याचा आवाज कसा घडवला आहे ते आपण तपासू. पुस्तक लहान आहे, दोन संध्याकाळींत होतं. जमलं तर वाचून या. आता प्रश्न घेऊ.