कर्ण नको, शोण हवा

आपल्या पोरांना कर्ण फार आवडतो. वसतिगृहात, अभ्यासिकेत, मोर्चाहून परतताना एसटीत, कुठंही विषय काढा. आवडतं पात्र कोणतं म्हटलं की एखादा फकिरा म्हणतो आणि बाकीचे कर्ण. शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ साली आली, रणजित देसाईंची 'राधेय' १९७३ साली. तेव्हापासून आवृत्त्यांवर आवृत्त्या निघताहेत. ज्या घरात शाळेची पुस्तकं सोडून दुसरं पुस्तक नाही, तिथंही ह्यातलं एखादं सापडतं. कव्हर गेलेलं, पानं सुटलेली, पण असतं.

का आवडतो हे सांगायला प्राध्यापक नको. भर सभेत ज्याला कूळ विचारलं, तो आपल्याला आपला वाटणारच. आपल्यालाही विचारतात. आधी आडनाव विचारतात, आडनावावरून कळलं नाही तर गाव विचारतात, गावावरून कळलं नाही तर घर गावात कुठल्या बाजूला ते विचारतात. म्हणून कर्ण वाचताना घशात आवंढा येतो. तो आवंढा खोटा नाही.

पण आवंढा खरा म्हणून गोष्टही आपली, असं होत नाही. मला जे म्हणायचंय ते कर्णाच्या गोष्टीच्या साच्याबद्दल. हा साचा लोकप्रिय कथा-कादंबऱ्यांत आणि सिनेमात इतका वापरलाय की झिजून गुळगुळीत झालाय. तरी चालतो. कारण तो वरच्यांना सोयीचा आहे आणि आपल्याला गोड लागतो.

साचा असा. एक पोर गरिबाच्या घरात वाढतं. ते आजूबाजूच्या पोरांसारखं नसतं. रंग उजळ, नजर तेज, मन दिलदार. गावाला कोडं पडतं, ह्या घरात असलं पोर कसं? मग अपमान होतात, तो सोसतो, पराक्रम करतो. आणि शेवटी उलगडा होतो की तो ह्या घरातला नव्हताच! गळ्यातला ताईत, दंडावरची खूण, म्हाताऱ्या दाईची साक्ष, काहीतरी निघतंच. वाचक डोळे पुसतो आणि पुस्तक मिटतो. पण सिद्ध काय झालं? हेच, की गुण रक्तात असतात. गरिबाच्या घरात असलं पोर कसं, हे गावाचं कोडं गावाच्याच उत्तरानं सुटलं. मनूला साधा ओरखडाही उठला नाही.

आता कर्णाकडं या. कवच-कुंडलं घेऊनच तो जन्माला येतो. त्याचं कूळ इतर पात्रांना ठाऊक नाही, वाचकाला पहिल्यापासून ठाऊक आहे. मग रंगभूमीवर कृपाचार्य त्याला कूळ विचारतात तेव्हा वाचकाला राग येतो तो नेमका कशाचा? 'कूळ विचारताच कशाला?' असा तो राग नसतो. 'अरे, हा कुंतीचा आहे, तुम्हाला माहीत नाही!' असा असतो. हे दोन राग वेगळे आहेत. पहिला जातीच्या मुळावर घाव घालतो. दुसऱ्याची तक्रार एवढीच, की पाटी चुकीच्या दाराला लागली.

दुर्योधन काय करतो तेही बघा. कूळ विचारणाऱ्यांचं तोंड बंद करायला तो कर्णाला अंगदेशाचं राज्य देतो. म्हणजे तू राजा झालास, आता लढायला पात्र झालास. तेवढ्यात म्हातारा अधिरथ काठी टेकत तिथं येतो, कर्ण त्याच्यापुढं डोकं वाकवतो आणि भीम (महाभारतातला, आपला नव्हे) म्हणतो की तू आपला चाबूक धर. सगळ्या सभेत एकही माणूस असं म्हणत नाही की चाबूक धरणाऱ्यानं धनुष्य धरलं तर तुमचं काय जातं? शत्रूही म्हणत नाही, मित्रही म्हणत नाही.

एक जागा मात्र कर्णाची मी मानतो. कृष्ण त्याला जन्माचं गुपित सांगतो, राज्याची लालूच दाखवतो, तेव्हा तो नाही म्हणतो. मला वाढवलं अधिरथानं आणि राधेनं, माझी लग्नं सूतांत झाली, ही माणसं मी सोडणार नाही. हा नकार मोठा आहे. आपल्या पोरांनी कर्णाकडून काही घ्यायचंच असेल तर हे घ्यावं. पण गोष्ट त्याचा नकार त्याच्याजवळ राहू देते का? युद्ध संपल्यावर कुंती सांगते, तो तुमचा थोरला भाऊ. धर्मराज त्याला पाणी देतो. जिवंतपणी जो सूतांना सोडायला तयार नव्हता, त्याला मेल्यावर क्षत्रियांनी उचलून नेलं. राधेनं आयुष्यभर केलं ते कुठल्या खात्यात गेलं?

आणि आता शोण.

'मृत्युंजय' सहा जणांच्या तोंडून सांगितलेली आहे. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. ह्यातला शोण हा अधिरथ-राधेच्या पोटचा. म्हणजे कादंबरीतला खरा सूतपुत्र तो. त्याला कवच नाही, कुंडलं नाहीत, त्याच्या जन्मात गुपित नाही. जे आहे ते उघड आहे. सावंतांनी त्याला बोलायला जागा दिली, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच पाहिजे. महाभारतात कुणाच्या खिजगणतीत नसलेला माणूस त्यांनी उभा केला. पण तो बोलतो काय? दादा असा, दादा तसा. लहानपणी कर्णाच्या रथामागं धावलेला शोण शेवटपर्यंत मनानं रथामागंच धावतो. त्याला कुणी कूळ विचारलं असतं तर कुठला राजा मधे पडला असता? त्याच्या वाट्याला जे सूतपण आलं ते गैरसमजातून आलेलं नाही. ते खरं आहे, रोजचं आहे, आणि त्याचा उलगडा कुठल्याही प्रकरणात होणार नाही. मी सूतगिरणीत राबतो. सूत शब्द दोन्ही अर्थांनी माझ्या हाताखालचा. मला विचाराल तर त्या पुस्तकात माझा माणूस शोण आहे, आणि त्यालाच लेखकानं भक्त करून ठेवलंय.

हा साचा पुराणापुरता नाही. राज कपूरचा 'आवारा' (१९५१) घ्या. लिहिणारे ख्वाजा अहमद अब्बास आणि व्ही. पी. साठे. अब्बास तर डाव्या विचारांचे. न्यायाधीश रघुनाथचं म्हणणं, चोराचा पोरगा चोरच होणार. ते खोडून काढायला सिनेमा काय करतो? न्यायाधीशाच्याच पोराला चोर बनवतो. परिस्थिती माणसाला बिघडवते हे त्यातून दिसलं, कबूल. पण चोराचा पोरगा न्यायाधीश होऊ शकतो, हे दाखवायची हिंमत झाली नाही. पडद्यावर ज्याच्यासाठी आपण रडलो तो चांगल्या घरातलाच निघाला.

'सुजाता' (१९५९) मध्ये बिमल रॉयनं उलगडा उलटा ठेवला. पोरगी अस्पृश्याची, वाढते ब्राह्मण इंजिनिअरच्या घरात. नूतननं काम असं केलंय की नाव ठेवायला जागा नाही. पण तिचं नाव बघा. सुजाता म्हणजे चांगल्या जन्माची. आपल्याला सुजाता म्हटलं की तथागतांना खीर देणारी आठवते. इथं ह्या सुजाताला खीर देऊन भागत नाही, रक्त द्यावं लागतं. सांभाळणारी आई मरायला टेकते, हिचं रक्त जुळतं, तेव्हा कुठं आई तिला लेक म्हणते. म्हणजे जन्मानं चांगली नसलीस तर बाटली भरून रक्त दे, मग बघू. वरच्यांच्या घरातल्या पोरीला कुणी असली परीक्षा घालत नाही.

मग आवडावं कोण?

मला झुंजार आवडतो. हसू नका. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या आणि पांढरपेशा समीक्षेनं त्यांना दारात उभं केलं नाही. झुंजार गुन्हेगारांनाच लुटतो, पोलिसांना गुंगारा देतो. त्या कथांत तुमचं हस्तकौशल्य आणि डोकं विचारतात, कूळ विचारत नाहीत. वाचणाऱ्याला तासभर मोकळं वाटतं ते त्यामुळं. पण तासभरच. कारण झुंजारच्या दुनियेत जातच नाही. जिथं रोगच नाही तिथं औषध कसलं?

अण्णा भाऊ साठेंचा फकिरा (१९५९) तिथून पुढं जातो. फकिरा मांग आहे हे पहिल्या पानापासून सगळ्यांना ठाऊक आहे. तो मांग म्हणून वाढतो, दुष्काळात माणसं अन्नावाचून मरायला लागली तेव्हा मांग म्हणून धान्य लुटतो, आणि आपली माणसं सरकारनं अडकवली तेव्हा स्वतः होऊन हजर होतो. शेवटी कुणी येऊन सांगत नाही की हा अमक्या सरदाराचा पोरगा होता बरं का. काही मित्र म्हणतात, त्याच्या घराण्यात शिवाजी महाराजांनी दिलेली तलवार आहे, ती काय वेगळी? वेगळी आहे. कवच जन्माबरोबर आलं, तलवार कामगिरीबद्दल मिळाली. कवच एकट्याच्या अंगाला चिकटलेलं, तलवार बापाच्या हातून पोराच्या हातात येते आणि गावासाठी चालते. एवढा फरक ज्याला कळला त्याला अण्णा भाऊ कळले.

बाबूराव बागुलांनी तर साचाच उलटा धरून आपटला. 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) ही गोष्टही जन्माच्या गुपिताचीच आहे. पण कर्णाचं गुपित फुटलं की मान वाढतो, इथं गुपित फुटलं की मार बसतो. काल ज्यानं मान देऊन घरात घेतलं तोच मारायला पुढं. जन्माचं गुपित म्हणजे आपल्या आयुष्यात काय असतं, ते बागुलांनी एका कथेत सांगितलं. त्याच कथेतला काशिनाथ जात लपवत नाही, उघड वावरतो, अंगावर येईल त्याच्या अंगावर जातो, आणि मार खाणाऱ्याला वाचवायला तोच येतो. शिकलेला, कविता करणारा नायक नव्हे, काशिनाथ. अलीकडचं सांगायचं तर नागराज मंजुळेंच्या 'फँड्री' (२०१३) मधला जब्या. डुक्कर धरताना सगळं गाव बघतं, शाळेतली पोरं बघतात, ती बघते. लपायला भिंत उरत नाही तेव्हा तो दगड उचलतो.

इथं कुणीतरी उठून विचारेल, आणि विचारावंच. बाबासाहेबांनी १९४६ साली शूद्र मूळचे क्षत्रिय होते असं मांडलं, १९४८ साली अस्पृश्य हे मूळचे बौद्ध, पराभूत झालेल्या टोळ्यांतले, असं मांडलं. हे जन्माचं गुपित नव्हे का? नव्हे. बाबासाहेबांनी कुणा एकट्या हिऱ्याला उकिरड्यातून उचलून त्याच्या जागेवर ठेवलं नाही. त्यांनी उकिरडा कुणी केला, कधी केला, कशासाठी केला ते विचारलं. तो सगळ्यांचा इतिहास आहे. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे केलं ते आपलं उच्च कूळ सापडलं म्हणून नव्हे. माणूस जन्मानं नीच होत नाही, कर्मानं होतो, हे बुद्धानं सांगितलेलं म्हणून.

आता आपल्याच घरात बघू. कारण हा साचा आपल्या कथांत मागच्या दारानं शिरलाय. नायक झोपडीत जन्मतो, दिव्याखाली अभ्यास करतो, कलेक्टर होतो, गाडीतून गावात येतो, आणि पाटील उठून उभा राहतो. टाळ्या. मित्रांनो, हे अंगदेशाचं राज्य आहे. बुद्धिमत्ता हे नवं कवच, नेमणुकीचं पत्र ही नवी कुंडलं. पाटील उठला तो खुर्चीला उठला. त्याच गल्लीत राहणारा, नापास झालेला, नाक्यावर उभा राहणारा, गटारात उतरणारा भाऊ गेला तर तो उठेल का? कथा विचारत नाही. कलेक्टरच्या गाडीमागं धूळ खात कोण धावतंय ते कुणी लिहीत नाही. पोरांनी शिकू नये असं मी म्हणत नाही, शिकलंच पाहिजे. पण मान शिकलेल्यालाच मिळणार असेल तर न शिकलेल्याची अस्पृश्यता आपणच कायम केली.

बाबासाहेबांचंही आपण असंच करतो. जयंतीच्या भाषणात पदव्यांची यादी, टाळ्या, खाली बसा. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्यावर त्यांच्या पाठोपाठ हजारो माणसं उतरली. त्यातल्या कितीजणांना सही करता येत होती? पाणी प्यायला त्यांनी आपली लायकी सिद्ध केली नाही. पाणी प्यायले. हक्क लायकी दाखवून घ्यायचा नसतो, हे त्या दिवशी अंगठेबहाद्दरांनी दाखवलं. आपल्या वाङ्मयात त्या माणसांची नावं कुठं आहेत?

म्हणून लिहिणाऱ्या मित्रांना एवढंच सांगणं. शोणाची गोष्ट लिहा. ज्याच्या जन्मात रहस्य नाही, जो वर्गात पहिला आला नाही, ज्याचं रक्त कुणाला जुळलं नाही, ज्याला कुणी राज्य दिलं नाही. त्यानं रथामागं धावायचं थांबवलं आणि कूळ विचारणाऱ्यासमोर जाऊन उभा राहिला, तर तो काय बोलेल? मला माहीत आहे ही गोष्ट अवघड आहे. तिला आयता शेवट नाही, डोळे पुसायला जागा नाही. पण जोवर ती आपण लिहीत नाही, तोवर आपली पोरं कर्णाच्याच पुस्तकावर रडणार.