बत्तीस गुणांचा खेळ

संगणकावरील खेळांच्या जुन्या छापील मासिकांविषयी हल्ली फार हळवेपणाने बोलले जाते. गुळगुळीत कागद, शाईचा वास, अंकाबरोबर येणारी सीडी! या हळवेपणात आम्हीही थोडे भागीदार आहोत. करमाळ्यात हे अंक पुण्याहून येणाऱ्या कोणाच्या तरी पिशवीतून एस.टी.ने यायचे. ‘डिजिट’ २००१ मध्ये निघू लागले. पुढे केवळ खेळांना वाहिलेले त्याचे भावंड ‘स्कोअर’ही आले. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून, मिनिटांचा हिशेब ठेवत वापरायचे असल्याने सीडीवरचा नमुना-खेळ हाच खजिना. चार घरे फिरून अंक परत येई तो पानांवर चहाचे डाग घेऊन. सीडी कधी येई, कधी येत नसे.

पण या मासिकांची थोरवी कागदाच्या वासात शोधणे आम्हाला पटत नाही. तिथे खरी वस्तू होती परीक्षण, आणि तेही पुष्कळदा कच्चे असे. एखाद्या खेळाला ८७ टक्के गुण दिलेले असत. प्रयोगशाळेत विद्यार्थ्याने असा आकडा आणला तर आपण आधी विचारू, यात त्रुटी किती? ८६ आणि ८७ यांतला फरक कोणत्या पट्टीने मोजला? शिवाय ज्यांच्या खेळाचे परीक्षण, त्यांचीच जाहिरात पुढच्या पानावर. या गोष्टी आठवणींत सोयीस्करपणे गळून पडतात.

तरी एक पद्धत आम्हाला मोलाची वाटते. जपानमध्ये १९८६ साली निघालेल्या ‘फामित्सु’ने ती रुळवली. एकच खेळ चौघे खेळणार, प्रत्येक जण दहापैकी गुण देणार, आणि चाळीसपैकी बेरजेबरोबर चारही आकडे छापले जाणार. अमेरिकेतील ‘इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली’चेही चार परीक्षक असत. समजा, एका खेळाला ८, ८, ८, ८ मिळाले आणि दुसऱ्याला १०, १०, १०, २. बेरीज दोन्हीकडे ३२. पण दुसऱ्या खेळात काहीतरी असे आहे की एक जाणता माणूस त्यावर उखडला आहे. वाचक लगेच त्या दोनवाल्याचे म्हणणे वाचायला जातो. सरासरीने झाकलेले विचलन इथे उघड्यावर येते.

२००१ पासून ‘मेटाक्रिटिक’ हे संकेतस्थळ सगळ्या परीक्षणांची भारित सरासरी काढते. कोणाला किती भार, हे ते सांगत नाही. खाली एकेक परीक्षण दिलेले असते, पण लोकांची नजर वरच्या ठळक आकड्यावरच थांबते.

मासिके मात्र एकामागून एक गेली. ब्रिटनमधील १९८१ चे ‘कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स’ २००४ मध्ये छपाईतून गेले, ‘निन्टेन्डो पॉवर’ २०१२ मध्ये. ताजी बातमी तुम्ही जाणताच, ती झटपट फुकट मिळू लागल्यावर महिनाभर कोण थांबणार? ‘गेम इन्फॉर्मर’ ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाले तेव्हा त्याचे संकेतस्थळही रातोरात नाहीसे झाले. २०२५ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात जुनी परीक्षणे हाताशी होती ती ज्यांच्या माळ्यावर अंक होते त्यांच्याकडे.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. विज्ञान प्रदर्शनातील एकच प्रतिकृती चार विद्यार्थ्यांना वेगवेगळी तपासायला द्या. एकमेकांचे न पाहता गुण आणि चार ओळी कारण लिहायला सांगा. मग बेरीज करण्यापूर्वी सर्वात कमी गुण देणाऱ्याला आधी बोलू द्या.