महायुद्ध आणि गारगोटी : मराठी युद्धवाङ्मयाविषयीं कांहीं विचार

युद्धवाङ्मय म्हटलें कीं आमच्या टीकाकारांची दृष्टि खंदकाकडे आणि तोफेकडे वळते. मराठींत तीं फारशीं दिसत नाहींत, तेव्हां मराठी लेखकास युद्ध भेटलेंच नाहीं, असा निकाल देऊन ते मोकळे होतात. हा निकाल आम्हांस मान्य नाहीं. दुसरें महायुद्ध आमच्या खेड्यांत तोफेच्या वाटेनें आलेंच नाहीं. तें कोणत्या वाटेनें आलें, हें वेदगंगेच्या कांठच्या गारगोटीसारख्या गांवीं उभें राहून पाहिलें, म्हणजे या वाङ्मयाचें मोजमाप बदलावें लागतें.

३ सप्टेंबर १९३९ रोजीं व्हाइसरॉय लिनलिथगो यांनीं हिंदुस्थान युद्धांत असल्याचें जाहीर केलें. लोकप्रतिनिधींस विचारलें नाहीं. त्याच्या निषेधार्थ मुंबईच्या खेर मंत्रिमंडळानें त्याच वर्षीं राजीनामा दिला. कोल्हापूर संस्थानांत मोडणाऱ्या गारगोटीच्या रयतेजवळ तर राजीनामा द्यावयास लोकांचें मंत्रिमंडळही नव्हतें! पुढें युद्ध खेड्यांच्या उंबरठ्यावर आलें तें महागाईच्या आणि टंचाईच्या रूपानें. १९४२ सालीं ब्रह्मदेश जपानच्या हातीं गेला आणि तेथून येणारा तांदूळ व रॉकेल बंद झालें. १९४३ सालीं मुंबईंत रेशनिंग सुरू झालें. त्याच वर्षीं धातु वांचविण्यासाठीं पाडलेला भोकाचा पैसा लोकांच्या हातीं आला.

माणसांचें मोलही याच काळांत चुकतें झालें. १३ डिसेंबर १९४२ रोजीं गारगोटीच्या कचेरीवर चालून गेलेल्या क्रांतिकारकांपैकीं सात जण हुतात्मे झाले. करवीरय्या स्वामी व नारायण वारके हे त्यांतलेच. मराठा पलटणीचे यशवंत घाडगे १९४४ सालीं इटलींत लढतां लढतां पडले आणि त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एक त्या सत्तेच्या झेंड्याखालीं पडला, सात तिच्या मांडलिक राज्यांत तिच्याविरुद्ध लढतांना पडले. आमच्या मतें हे सारे एकाच युद्धाचे बळी आहेत.

आतां साहित्याकडे वळूं. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ सालचीच. तिची रंगभूमि रणभूमि नव्हे. युरोपांतून परतणारी एक बोट, तीवरील चक्रधर आणि जर्मनींतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा, एवढ्यावर बेडेकरांनीं उभ्या युगाचा अमानुषपणा दाखविला. मर्ढेकरांच्या १९४७ सालच्या ‘कांहीं कविता’ या संग्रहांत माणसाची यंत्रानें आणि गर्दीनें केलेली जी विटंबना आहे, तिच्यामागेंही हेंच युद्ध उभें आहे. त्यांस दुर्बोध म्हणणाऱ्यांनीं तो काळ आठवला असता, तर आरोप थोडा सौम्य झाला असता.

परंतु बोट समुद्रावर राहिली आणि कविता महानगरांत. हॅर्टासारखेच घरदार सुटलेले सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणींत राहिले. बेडेकरांची बोट जणूं पंचगंगेच्या कांठीं येऊन लागली. पण तिच्यावरील माणसें उतरवून घेणारा दुसरा बेडेकर आम्हांस लाभला नाहीं. बेचाळीसच्या लढ्यावर आम्हीं लिहिलें, तें बहुतेक पराक्रमगाथा म्हणून. एक मुलगा पलटणींत, दुसरा भूमिगत, घरांत कणगी रिकामी, आणि पहिल्याच्या मनिऑर्डरीवर दुसऱ्यास लपून भाकरी पोंचविणारी आई : अशा घराची मोठी कादंबरी मराठीस अद्याप हवी आहे.

आमचें युद्धवाङ्मय थोडें आहे, हें आम्ही कबूल करतों. परंतु तें अनुभवाच्या अभावीं थोडें नाहीं. अनुभव कणगींत होता, कचेरीच्या पायरीवर होता. त्यास युद्ध म्हणावयासच आम्ही विसरलों. ज्यांनीं तें सोसलें त्यांपैकीं फारच थोडे आतां उरले आहेत. त्यांच्या आठवणी नातवंडांच्या तोंडीं आहेत, तोंवर कोणा लेखकानें गारगोटीच्या वाटेस लागावें, हीच आमची विनंती.