‘दिवास्वप्न’मधला पहिला दिवस
आनंददायी शिक्षणावरच्या व्याख्यानात गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’चा दाखला हटकून येतो. दाखला असतो तो गोष्टीचा. लक्ष्मीराम मास्तर राजाची गोष्ट सुरू करतात आणि दंगेखोर चौथी चिडीचूप होते. पण ही दुसऱ्या दिवसाची हकिगत. पहिल्या दिवशी हेच मास्तर मनाशी आराखडा बांधून येतात, माँटेसरी पद्धतीतला शांततेचा खेळ मांडतात आणि मुले तो गोंगाटाने उधळून लावतात. शेवटी वर्गाला सुट्टी द्यावी लागते. १९३०च्या दशकाच्या आरंभी, स्वतः माँटेसरी विचाराचा प्रसार करणाऱ्या लेखकाने पुस्तकाची सुरुवात त्याच पद्धतीच्या फजितीने करावी, हे धाडस मला गोष्टीच्या प्रसंगाहून मोठे वाटते.

गोष्टीच्या प्रसंगातही एक अडचणीची जागा आहे. गोष्ट रंगात आली असता मास्तर थांबतात आणि हजेरी घेतात. पुढचे ऐकायच्या ओढीने मुले निमूट ओ देतात. मग गोष्ट म्हणजे नुसते आमिषच का? इथवरच वाचले तर तसे म्हणावे लागेल. पण पुढे मास्तर पाठ्यपुस्तकांचे पैसे गोळा करून त्यातून वर्गासाठी गोष्टींची पुस्तके आणतात. गोष्ट मुलांना धड्याकडे परत नेत नाही, ती वाचनाकडे नेते. आपण मात्र धडा जसाच्या तसा ठेवून त्याला क्यूआर कोड चिकटवतो, पाढ्यांना चाल लावतो, आणि वर गिजुभाईंचे नाव घेतो!

पुस्तकाची मर्यादाही सांगायला हवी. लक्ष्मीरामांना वर्ग आयता मिळाला आहे. मुले दंगा करतात, पण शाळेत आलेली असतात. १९२३पासून भावनगरला गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांना १९४५नंतर बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हे आयतेपण नव्हते. वारली मुले गुरांमागे रानात. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरवली, मोजायला खडे-बिया घेतल्या, आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा काढून शाळाच चराईच्या रानात नेली. अभ्यासक हे काम ‘आदिवासी शिक्षण’ या वेगळ्या खणात ठेवतात. मी ते ‘दिवास्वप्न’ला लागूनच वाचतो. लक्ष्मीरामांनी पाठ्यपुस्तक बाजूला ठेवले होते. कोसबाडला शाळेच्या भिंतीही बाजूला ठेवाव्या लागल्या.