‘प्रार्थना’ या शब्दाविषयीं

पसायदान, समर्थांचीं करुणाष्टकें, गणपतीची आरती आणि जनाबाईचे अभंग हीं सारीं ‘प्रार्थना’ या एकाच मथळ्याखालीं छापलेलीं आम्हीं अनेकदां पाहिलीं आहेत. संग्राहकांचा हेतु सात्त्विक असतो. परंतु एका शब्दावर आपण किती ओझें लादतों, याचा विचार व्हावयास हवा.

‘अर्थ्’ या धातूचा अर्थच मुळीं मागणें. मागण्यावांचून प्रार्थना नाहीं. आरतींत स्तुति मुख्य, नामस्मरणांत मागणें जवळजवळ नसतेंच, आणि नवस हा तर उघड उघड करार! १८६७ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाच्या नांवांत हा शब्द एकंदर उपासनेला लागला, आणि शाळांनीं तर त्यास सकाळच्या घंटेशीं बांधून टाकलें.

पसायदान हें मात्र खरोखरीचें मागणें आहे. शके १२१२ मध्यें ग्रंथ पुरा करून ज्ञानदेव विश्वात्मक देवापाशीं प्रसाद मागतात, पण त्या नऊ ओव्यांत स्वतःसाठीं कांहींच मागत नाहींत. दुर्जनांसाठीं मागतात, तेंही त्यांचा नाश नव्हे, तर त्यांच्या मनाचा पालट.

जनाबाईचें काय? ती विठ्ठलावर रागावते, प्रसंगीं त्याला शिव्याही देते. नामदेव त्याच्याशीं भांडतात. याला प्रार्थना म्हणून मुलांकडून डोळे मिटून म्हणवून घेणें म्हणजे त्या भांडणाचे दांत पाडणें होय. येथें इंग्रजी ‘प्रेअर’ शब्दाचें कूळ पाहण्यासारखें आहे. तो लॅटिन ‘प्रेकारी’वरून, म्हणजे याचनेवरून आला. (जें दुसऱ्याच्या कृपेवर मिळालें, म्हणून ज्याचा भरंवसा नाहीं, तें ‘प्रिकेरिअस’ याच घरचें.) पण भाषाशास्त्रज्ञ त्याच कुळांत आपला ‘प्रच्छ्’ धातु घालतात, आणि आपलें ‘पुसणें’ त्यापासूनच निघालें. जनाबाई देवाला पुसते, जाब पुसते. तिच्या अभंगांना आमच्या मतें हाच शब्द शोभतो.

कोंकणांत ग्रामदेवतेपुढें गांवकरी ‘गाऱ्हाणें’ घालतात. एकानें गांवाच्या अडचणी एकामागून एक सांगावयाच्या, आणि भोंवतालच्यांनीं ‘होय महाराजा’ म्हणून साथ द्यावयाची. त्यांत मागणें आहे, तक्रार आहे, आणि देवानें आपलें काम करावें अशी बजावणीही आहे. आमच्या पाहण्यांतल्या प्रार्थनासंग्रहांत मात्र एकही गाऱ्हाणें नाहीं.