जिवाणूंचा ‘संगणक’ : एका उपमेविषयी

मायकेल एलोविट्झ व स्टानिस्लास लायब्लर यांचा ‘नेचर’मधील जानेवारी २००० चा निबंध आम्ही पुन्हा वाचला. ई. कोलाय जिवाणूत त्यांनी तीन जनुके अशी गुंफली, की पहिल्याचे प्रथिन दुसऱ्याला गप्प करते, दुसऱ्याचे तिसऱ्याला आणि तिसऱ्याचे पुन्हा पहिल्याला. त्यामुळे पेशी सुमारे अडीच तासांच्या लयीत हिरवी उजळते, मंदावते.

लोकप्रिय लेखनात याचा सरसकट ‘जिवंत संगणक’ होतो. हे आम्हांला पटत नाही. संगणकात तारा संकेत वेगळे ठेवतात. पेशीत सारी प्रथिने एकाच रसात मिसळलेली, म्हणून प्रत्येक दुव्याला निराळे प्रथिन लागते. शिवाय रेणू मोजके, त्यामुळे यदृच्छेचा गोंधळ! सुमारे ४० टक्के पेशींतच आंदोलने दिसली. भगिनी-पेशींचाही ताल सुटत गेला. मूळ निबंध हे लपवत नाही, सारांश लिहिणारे गाळतात. पेशीपेशींत पसरणाऱ्या रासायनिक निरोपाने ताल जुळवणे जेफ हेस्टी यांच्या गटाला २०१० मध्ये साधले.

वर्गात तिघांना गोलात उभे करावे. मागच्याचा हात वर असेल तर आपला खाली, नाहीतर वर. चक्र फिरत राहते. दोघेच घेतले तर एक वर, एक खाली, असे अडते. ‘नेचर’च्या त्याच अंकातील गार्डनर, कँटर व कॉलिन्स यांची जनुकीय कळ ती हीच.