रमाबाईंची अमेरिका आणि आपले घर

परदेशातून रजेवर आलेल्या माणसाच्या तोंडी एक वाक्य हमखास असते : ‘आमच्या तिकडे असे नसते.’ ओटीवर जमलेली मंडळी ते कधी कौतुकाने ऐकतात, कधी मनातून दुखावतात. दहा-पंधरा वर्षे लोटली की तोच माणूस नेमके उलटे बोलू लागतो. गावची विहीर, आजीच्या हातची भाकरी, नाताळची मध्यरात्रीची मिस्सा, सारे त्याला सोन्याचे वाटू लागते. प्रथम मायदेश म्हणजे दोषांची यादी असतो. पुढे तो आठवणींची पेटी होतो. या दोन्ही बोलण्यांतून बोलणाऱ्याच्या मनाची अवस्था कळते. देश मात्र फारसा कळत नाही.

मग परदेशात राहिल्याने मायदेशाकडे पाहण्याची नजर खरोखर बदलते का, आणि बदलते ती कशी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला मराठीतील एका जुन्या पुस्तकाकडे पुन्हा वळावेसे वाटले. ते म्हणजे पंडिता रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. १८८९ साली मुंबईत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाचे नाव आपल्या वाचकांपैकी अनेकांनी ऐकले असेल. वाचला मात्र थोड्यांनीच असेल. रमाबाई कॅथलिक नव्हत्या. त्यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन पंथात झाला. तरीही मराठी भाषक ख्रिस्ती माणसाने परक्या भूमीवर उभे राहून आपल्या घराकडे कसे पाहावे, याचा इतका प्रामाणिक आलेख दुसरा सहजी सापडणार नाही.

हा ग्रंथ सुटा वाचला तर एक माहितीपूर्ण प्रवासवर्णन वाटतो. त्याचे खरे मोल कळते ते रमाबाईंच्या आधीच्या दोन पुस्तकांशेजारी ठेवून वाचल्यावर. पहिले ‘स्त्रीधर्मनीति’ हे १८८२ सालचे. त्याच्या विक्रीतून आलेल्या पैशांचा विलायतेच्या प्रवासाला आधार झाला. देश सोडण्यापूर्वीच्या या पुस्तकात रमाबाई स्त्रियांना विद्या, उद्योग आणि स्वावलंबन यांचा उपदेश करतात. पण त्याच ओघात त्यांच्या आळसाबद्दल आणि अज्ञानाबद्दल त्यांनाच बोल लावतात. आदर्श म्हणून पुढे येतात त्या सीता-सावित्रीच. रोग दिसला आहे, परंतु त्याचे मूळ रोग्याच्याच स्वभावात शोधले आहे, असे आजच्या वाचकाला वाटते.

अवघ्या पाच वर्षांनी, १८८७ मध्ये, फिलाडेल्फिया येथे त्यांचे ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक निघाले. लेखिका तीच, विषयही तोच. नजर मात्र पार बदललेली. बालपण, विवाह, वैधव्य अशा पायऱ्यांनी त्या उच्चवर्णीय स्त्रीचे आयुष्य उलगडतात आणि दोषाचे माप शास्त्रवचनांच्या, रूढींच्या आणि कायद्याच्या पदरात टाकतात. आता दोष बाईचा उरत नाही. ज्या घरात तिला कोंडले त्या घराच्या बांधणीचा तो दोष ठरतो. मधल्या काळात काय घडले? मधे इंग्लंड घडले होते.

इंग्लंडमधील दिवसांचा पुरावा त्यांच्या पत्रव्यवहारात आहे. सिस्टर जेराल्डीन यांनी जपलेली ती पत्रे महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रकाशित केली. त्यांतील एक प्रसंग आपल्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावा असा आहे. क्रुसावरील लॅटिन अक्षरांना रमाबाईंनी हरकत घेतली. लॅटिन आपल्या लोकांना कळत नाही, मग तिथे संस्कृत का नसावे, असा त्यांचा प्रश्न होता. संस्कृत पवित्र म्हणून नव्हे, तर ती आपल्या मायदेशाची प्राचीन आणि सुंदर भाषा म्हणून त्यांना हवी होती. वयाच्या पंचविशी-सव्विशीतली, पदरी लहान लेक असलेली ही निराधार विधवा आपल्या आश्रयदात्यांशी असा वाद घालत होती. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना पुरुषांना शिकविण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा भारतातील इंग्रज बिशपांनी मोडता घातला. तोही त्यांनी मुकाट्याने सोसला नाही.

लॅटिनमधली मिस्सा ज्यांनी लहानपणी ऐकली, त्या आपल्या वडीलधाऱ्यांना या प्रश्नाचे वजन चटकन कळेल. १९६३ च्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेसंबंधीचा दस्तऐवज संमत केला आणि लोकभाषांना वेदीपर्यंत वाट मिळाली. रमाबाईंनी आपल्या परीने तोच प्रश्न सुमारे ऐंशी वर्षे आधी, दुसऱ्या पंथाच्या मठात बसून विचारला होता. मायदेशात असताना संस्कृत ही त्यांच्या पांडित्याची भाषा होती. परदेशात ती त्यांच्या ओळखीची भाषा झाली. श्रद्धा स्वीकारणे आणि परकीयत्व स्वीकारणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यांना वाँटेजमध्ये उमगले. पुण्यात राहून तो प्रश्नच बहुधा पडला नसता.

१८८६ च्या आरंभी त्या अमेरिकेला निघाल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभाचे. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई डॉक्टर झाल्या. तेथे रमाबाईंचा मुक्काम लांबला आणि जवळजवळ तीन वर्षे त्यांनी तो खंडप्राय देश पालथा घातला. त्या अनुभवातून हा मराठी ग्रंथ जन्मला. राज्यव्यवस्था, घरगुती जीवन, शिक्षण, धर्मपंथ आणि परोपकारी संस्था, स्त्रियांची स्थिती, व्यापारउदीम अशी त्याची रचना आहे. भाषा साधी, मुद्देसूद, मधूनच मिस्कील आहे. वाचनालये, शाळा, स्त्रियांनी स्वतः उभारलेल्या संघटना यांविषयी त्या भरभरून लिहितात.

परंतु त्या भारावून गेल्या नाहीत, हे या पुस्तकाचे मोठेपण. अमेरिकेतील मूळ रहिवाशांना गोऱ्यांनी कसे वागविले, कृष्णवर्णीयांना गुलामगिरी संपल्यावरही कोणती हीन वागणूक मिळते, हे त्या झाकून ठेवत नाहीत. ते वाचताना आपल्याकडील जातिभेद आठवल्यावाचून राहत नाही. बायकांच्या टोपीवर शोभेसाठी मेलेले पक्षी खोवण्याची तिथली फॅशनही त्यांच्या तडाख्यातून सुटत नाही. जी नजर आपल्या घरचे जळमट पाहते, तीच यजमानाच्या घरचेही पाहते. माझ्या मते प्रवासी लेखकाची पहिली कसोटी हीच आहे.

या ग्रंथात एक तिसरा देशही आहे. त्याचे नाव फारसे घेतले जात नाही, पण त्याची सावली पानोपानी जाणवते. तो म्हणजे इंग्लंड. पारतंत्र्यातल्या मराठी वाचकापुढे, इंग्रजांचे राज्य झुगारून उभ्या राहिलेल्या प्रजासत्ताकाचे चित्र मांडणे ही १८८९ साली निरुपद्रवी गोष्ट नव्हती. रखमाबाईंच्या खटल्यात १८८७ साली इंग्रजी न्यायालयाने त्यांना मनाविरुद्ध नवऱ्याकडे जाण्याचा, नाहीतर तुरुंगवास पत्करण्याचा हुकूम दिला, तेव्हा रमाबाईंनी आपल्या इंग्रजी पुस्तकात सरकारवर कडक टीका केली होती. १८८९ च्या डिसेंबरात मुंबईत काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा त्याला उपस्थित राहिलेल्या मोजक्या स्त्रियांत त्या होत्या. मायदेशावरची त्यांची टीका परकीयांच्या पायाशी वाहिलेली नव्हती, हे यावरून दिसावे.

तरीही त्यांच्यावर एक आक्षेप घेतला गेला आणि तो अजून अधूनमधून ऐकू येतो : घरचे उणे त्यांनी परक्यांच्या चव्हाट्यावर मांडले. आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर या दोन पुस्तकांच्या भाषांमध्ये आहे. अमेरिकनांना त्यांनी इंग्रजीतून आपल्या घरचे दुःख सांगितले आणि त्या दुःखावर औषध म्हणून शाळा मागितली. मराठी माणसांना त्यांनी मराठीतून दुसऱ्याच्या घरचे गुण सांगितले आणि दोषांपासून सावध केले. परक्यांपुढे केवळ टीका आणि घरच्यांपुढे केवळ बढाई, असा सोयीचा मार्ग त्यांनी घेतला नाही.

ग्रंथ निर्दोष आहे असे नाही. रमाबाईंचा वावर मुख्यतः सुधारक, शिक्षणप्रेमी स्त्रियांच्या वर्तुळात होता. त्यामुळे त्या वर्तुळाकडे पाहताना त्यांची नजर मऊ होते. फ्रान्सिस विलर्ड यांच्या मद्यपानविरोधी स्त्रीसंघटनेविषयी लिहिताना कौतुकाला बांध राहत नाही. कृष्णवर्णीयांच्या झुंडबळींच्या प्रश्नावर विलर्ड यांची भूमिका किती डळमळीत होती, हे आयडा बी. वेल्स या कृष्णवर्णीय लेखिकेने १८९० नंतरच्या दशकात उघड केले. अमेरिकेचा वर्णद्वेष रमाबाईंना दिसला, पण ज्या दिवाणखान्यांत त्यांचे स्वागत झाले तेथील वर्णद्वेष त्यांच्या नजरेतून निसटला. आतिथ्य डोळ्यांवर पडदा ओढते. आखातात किंवा कॅनडात स्थिरावलेल्या आपल्या मुलांनीही हा धडा घेण्यासारखा आहे.

या पुस्तकाचे दोन इंग्रजी अनुवाद २००३ साली प्रसिद्ध झाले. त्यांपैकी एक मीरा कोसंबी यांचा. सव्वाशे वर्षांपूर्वी एका मराठी बाईने आपल्याला कसे पाहिले, हे अमेरिकेला वाचावेसे वाटले. आपण मात्र आपल्याच भाषेतले हे पुस्तक कपाटात ठेवून विसरलो.

१८८९ च्या फेब्रुवारीत रमाबाई मुंबईत उतरल्या. ११ मार्चला, आनंदीबाईंच्या पदवीला बरोबर तीन वर्षे होत असताना, त्यांनी ‘शारदा सदन’ उघडले. पुढे त्या शाळेवर धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळे आली. त्यांचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. समीक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच, की या ग्रंथातले ‘तिकडे असे आहे’ हे वाक्य तेथे थांबत नाही. ‘मग इकडे मी काय करू?’ हा पुढचा प्रश्न लेखिकेने स्वतःला विचारलेला आहे आणि त्याच्या उत्तराला महिना-सव्वामहिन्यापेक्षा अधिक काळ लावलेला नाही.

आज आपल्या धर्मग्रामांत असे घर विरळाच, जिथले कोणी परदेशी नाही. पुढच्या खेपेस ओटीवर ‘आमच्या तिकडे असे नसते’ हे वाक्य ऐकू आले, तर रागावू नये, दबूनही जाऊ नये. बोलणाऱ्याला दोन प्रश्न विचारावेत : तिकडचे काय तुला खुपले? आणि इकडचे काय तू हाती घेणार आहेस? दोन्हींची उत्तरे त्याच्यापाशी असतील, तर त्याचे म्हणणे आदराने ऐकून घ्यावे. आणि जाताना त्याच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी रमाबाईंचे हे पुस्तक ठेवावे.